सोयीचा नमुना

ती समाजशास्त्रात एम.ए. करायला लागली आणि घरात तिचं नाव पडलं 'समाज'. ठेवलं मोठ्या भावाने. तो गॅरेजात कामाला, दिवसभर गाड्यांशी बोलून आला की संध्याकाळी माणसांवर जीभ मोकळी सोडायचा. "समाज उठला का?" "समाजाने बाथरूम अडवून ठेवलंय, कुणीतरी त्याला बाहेर काढा रे." ती चिडायची, आणि ती चिडली की ह्याला अजून चेव.

तसं तिचंही चुकायचंच. कॉलेजात जे काय शिकवतील ते ती गरमागरम घरी आणून वाढायची. बाबा खुर्चीत बसले की म्हणायची, "बाबा, ही नुसती खुर्ची नाही, ही सत्ता आहे." बाबा दचकून उठायचे आणि खुर्चीचे पाय हलवून बघायचे. आई सगळ्यांना चहा देते ही आईची 'भूमिका' आहे, असं तिने सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मग आज ही भूमिका तू कर. आणि साखर बेताने टाक."

पण एक सांगून ठेवतो, पोरगी मनाने सोन्यासारखी. बाहेरच्या कुणी तिला हसलेलं घरात कुणाला खपायचं नाही, भावाला तर अजिबातच नाही. हसायचं ते आपण हसायचं.

दुसऱ्या वर्षी आला प्रबंध. म्हणजे कुठेतरी जायचं, लोकांना भेटायचं, प्रश्न विचारायचे आणि त्यावर जाडजूड लिहायचं. हिने विषय घेतला बायकांच्या कामाच्या जागेचा, आणि जागा निवडली मामीची लाँड्री. मामी तिथली जुनी. हॉटेलांच्या चादरी एका बाजूने ओल्या आत जातात, तापलेल्या रुळांतून कडकडीत होऊन दुसऱ्या बाजूला येतात, तिथे मामी आणि तिच्याबरोबरच्या बायका त्या पकडून घड्या घालतात. ही लहान असताना चादरींच्या पाटीत झोपायची. मामीची इतकी लाडकी की मामाने एकदा विचारलं होतं, "आपली पोरं कुठली मग?"

तर पहिल्या दिवशी ही गेली, सगळ्यांसमोर उभी राहिली, घसा खाकरला आणि म्हणाली, "मी माझ्या अभ्यासासाठी तुमची निवड केली आहे. तुम्ही सगळ्या माझा नमुना आहात."

रूळ फिरत होते म्हणून बरं, नाहीतर टाचणी पडलेली ऐकू आली असती.

"काय आहोत?" टॉवेलवाली काकू म्हणाली.

"नमुना. सोयीचा नमुना."

मामीने हातातली चादर खाली ठेवली. "आम्ही नमुने? आणि तेही तुझ्या सोयीचे?"

आता इथे गप्प बसावं की नाही? पण शिकलेल्या माणसाला समजावून सांगायची खाज असते. "अगं मामी, तसं नाही. सोयीचा म्हणजे जवळ असलेला, फार शोधावा न लागणारा."

"म्हणजे आम्ही इथे पडूनच होतो," काकू म्हणाली.

"पडून नाही हो! खरं तर शास्त्रात हा नमुना जरा कमी दर्जाचा मानतात, पण माझ्याकडे वेळच नव्हता…"

बास. संपलं. मामीने चादर उचलली, झटकली, आणि भाचीकडे न बघता म्हणाली, "तुम्ही जरा बाजूला उभ्या राहता का? आमच्या कामाच्या आड येताय."

तुम्ही! ज्या बाईने हिला अंगडं-टोपडं घातलं, कान धरून शाळेत नेलं, "ए भवाने" शिवाय कधी हाक मारली नाही, ती म्हणाली तुम्ही. मामीच्या तोंडच्या शिव्या ही खुशाल खाऊन ढेकर देत आली होती. हे मात्र घशात अडकलं.

पुढचे दिवस तसेच गेले. ही विचारायची, "काम करताना कसं वाटतं?" उत्तर यायचं, "बरं." "काय अडचणी येतात?" "तुम्ही." आणि मामी तर आदराने मारायची. "बसा ना. पाणी घेता का? उकडत असेल तुम्हाला." रविवारी मामी घरी आली तेव्हाही आईला म्हणाली, "मॅडम आहेत का आत?" भावाला वाटलं चेष्टा चाललीये, तो खो खो हसला, आणि मग बहिणीचं तोंड बघून एकदम थांबला. आत जाऊन तिच्या शेजारी बसला. "समाज्या, रडू नको. मी बोलू का मामीशी?"

"नको. मलाच करू दे." मग नाक पुसत म्हणाली, "प्रबंध गेला उडत. मला माझी मामी पाहिजे."

कॉलेजातल्या बाईंकडे जाऊन तिने सगळं सांगितलं. बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं, वर्गातला शब्द वर्गात ठेवून जायचं असतं हे शिकवायचं राहिलंच माझ्याकडून." मग म्हणाल्या, "तू त्यांना बघायला गेलीस. त्या तुला बघत नसतील असं वाटलं का तुला? जा, तुझे प्रश्न त्यांच्या हातात दे. तुला विचारू देत."

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत हिने प्रश्नांचा कागद काकूपुढे धरला. "आज तुम्ही विचारा. मी उत्तरं देते. मी तुमचा नमुना."

"तो तर तू आहेसच," काकू म्हणाली आणि कागद ओढूनच घेतला. "हं. घरकामात तुमचा सहभाग किती?"

"असतो… म्हणजे, चहा करते कधी कधी."

"कपडे कोण धुतं?"

"आई."

"वाळत कोण घालतं?"

"आई."

"घड्या?"

"…आईच."

"अगं बाई!" काकूने कपाळाला हात लावला. "आणि ही बायकांच्या कामावर लिहिणार!" बायका फिदीफिदी हसल्या. हिचे कान लाल झाले, पण खोटं एक बोलली नाही. मामी मात्र भिंतीला टेकून चहा फुंकत होती, जशी काही त्या गावचीच नाही.

काकूने कोपराने ढोसलं. "तू विचार की एक."

मामीने पेला खाली ठेवला. "हे एवढं सगळं शिकून तुम्ही पुढे करणार काय?"

हा प्रश्न कागदावर नव्हता. हिच्याकडे त्याची पाठ केलेली उत्तरं होती, पाहुण्यांना द्यायची. पण मामी पाहुणी नव्हती. "माहीत नाही, मामी. मला आवडतं एवढंच माहितीये. पुढचं खरंच माहीत नाही."

"माहीत नाही?" मामी ताडकन उभी राहिली. "माहीत नाही म्हणजे? मग मी तुझ्या बापाशी भांडले कशाला? तुझी आई तोंड वाकडं करून बसली, तुझा मामा दोन दिवस बोलला नाही माझ्याशी, आणि तू म्हणतेस माहीत नाही? अक्कल गहाण टाकलीस काय गं, भवाने?"

काकूने तोंडाला पदर लावला. आणि ही बावळट, एवढं झाडलं तरी गालात हसतेय, डोळे भरलेत, आणि हसतेय.

"दात काय काढतेस?"

"काही नाही. बोल ना अजून." मग एकदम तिच्या डोक्यात शिरलं. "थांब. तू बाबांशी भांडलीस? बाबा तर म्हणाले होते की त्यांनाच वाटलं मी पुढे शिकावं."

"असं म्हणाला होय?" मामीने कंबरेवर हात ठेवला. "त्याला वाटलं म्हणे!"

"काय झालं होतं मामी? सांग ना."

मामीने इकडेतिकडे बघितलं. बायका आपसूक जवळ सरकल्या, काकूने तर स्टूलच ओढलं, आणि हिने वही उघडली. "आधी ते दार लोटून घे," मामी म्हणाली. "मालक ऐकायचा. आणि तू ते लिहायचं बंद कर, हे प्रबंधात घालायचं नाहीये."