साक्षीला लावलेली कात्री

अकोल्याच्या आमच्या चर्चच्या मंडळीत नाताळच्या नाटकातला हेरोद राजा गेली कित्येक वर्षं मीच करतो. त्यामुळे मंडळीच्या संस्थेत चालणाऱ्या, मनाच्या आजारांवरच्या समुपदेशनाची माहिती फेसबुकवर द्यायची ठरली, तेव्हा पाळकसाहेबांनी ते काम माझ्याकडेच दिलं. मी खूश. राजाला नवा दरबार मिळाला.

पहिली साक्ष मंडळीतल्या एका शिक्षिकेची. देवानं आपल्यासाठी काय केलं ते आमच्याकडे उपासनेत उभं राहून सांगतात, तसंच त्यांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं. उदासी, प्रार्थना, मग डॉक्टर, आठ महिने गोळ्या, कोरडं पडणारं तोंड, वाढलेलं वजन. इथं गोष्ट ढिली पडते, असं माझ्यातल्या नटाला वाटलं. मी डॉक्टर कापले, गोळ्या कापल्या आणि प्रार्थनेवरून थेट हसऱ्या चेहऱ्यावर आलो. मागे पेटीचे सूर, खाली संस्थेचा फोन नंबर; तो फोनही माझ्याकडेच. व्हिडिओ इतका फिरला की दोन दिवस मी मिशीला पीळ देत हिंडलो.

तिसऱ्या आठवड्यात हिवरखेडहून एका बाईंचा फोन आला.

"जय ख्रिस्त, भाऊ. तुमचा व्हिडिओ पाहून मी आमच्या मालकाच्या गोळ्या बंद केल्या. प्रार्थनाच करून राहिलो आमी. पण चार दिवस झाले, झोप नाई त्याईले. विहिरीपाशी जाऊन बसतात."

"त्यांना एकटं सोडू नका, आम्ही निघालोच," मी म्हणालो. "व्हिडिओतल्या बाईंनी गोळ्याही घेतल्या होत्या."

"मंग तसं काहून नाई सांगतलं?"

"त्यांनी सांगितलं होतं. मी कापलं."

"काहून?"

शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा माझा आवाज. "लांबत होतं" एवढंच कसंबसं निघालं.

पाळकसाहेबांच्या गाडीतून आम्ही बाईंच्या मालकांना अकोल्याच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी भरती करून घेतलं. वेळेत आणलं, म्हणाले. बाहेर बसून मी तो व्हिडिओ फेसबुकवरून काढून टाकला, पूर्ण साक्ष चढवली. ती मोजक्याच लोकांनी पाहिली.

बाई शेजारी येऊन हळूच म्हणाल्या, "सासूले मी सांगतलं, माह्याच मनानं बंद केल्या म्हणून. लय बोलली मले. तुमचं नाव नाई काढलं, भाऊ. तुमी देवाचं काम करून राहिले."

सासूबाई समोरच्याच बाकावर होत्या, पदरानं डोळे पुसत. चार पावलांचं अंतर. उठून तेवढं जायला मला तासभर लागला.