दहा दिवसांचं सांगून

फोन आला तेव्हा मी नववी 'ब'च्या वह्या तपासत होते. अनोळखी नंबर. पलीकडचा माणूस कारंजा घाडगेहून बोलत होता, आवाज बसलेला, बहुतेक रडून. "जयभीम ताई. आपले भन्तेजी आज पहाटे गेले. तुमच्याकडं त्याइचा एखादा तरुणपणातला फोटो असन का? फ्लेक्सवर टाकाचा होता." माझे वडील गेल्याची बातमी मला अशी कळली, फोटोच्या मागणीला चिकटून. त्या बिचाऱ्याचा दोष नाही. त्याला कुणीतरी एवढंच सांगितलं होतं, की वर्ध्याला पिपरी मेघेत एक मॅडम राहतात, त्या भन्तेजींच्या जुन्या ओळखीच्या आहेत. ओळखीच्या! मी म्हटलं, "दादा, मी त्यांची मुलगी आहे." तो हळूच म्हणाला, "भन्तेजीले पोरगी होती?"

घरी आले तर आई मेथी निवडत बसली होती. सांगितलं. तिनं हातातली काडी खाली ठेवली आणि विचारलं, किती वाजता? पहाटे, म्हटलं. "मंग उपाशीच गेले," ती म्हणाली. भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत, तेव्हा आदल्या दिवशीच्या बारापासून त्यांच्या पोटात काही नसणार, हा हिशेब तिनं एका क्षणात केला. बेचाळीस वर्षं ज्या माणसानं आपल्याला वाऱ्यावर सोडलं, त्याच्या पोटाची काळजी! मला असा संताप आला म्हणून सांगू... पण ती उठली, ट्रंकेतून फोटो काढून आणला. एकच फोटो आहे आमच्याकडे, लग्नानंतर हिंगणघाटच्या स्टुडिओत काढलेला, दोघं शेजारी शेजारी. "दे पाठवून," म्हणाली. "पाहू दे लोकाइले." मी मोबाइलवर त्याचा फोटो घेऊन आहे तसा, अख्खा पाठवून दिला.

त्यांचं धम्मातलं नाव मी इथे लिहिणार नाही. ते नाव त्यांच्या उपासकांचं. मी लिहिते आहे ते नामदेव या नावाबद्दल, जे माझ्या दाखल्यावर माझ्या नावाच्या मधोमध बसलेलं आहे. गंमत पाहा, आपल्याकडे लेकीच्या नावात बापाचं नाव असतं, आणि माझ्या बापानं स्वतःच ते नाव टाकून दिलं. शाळेत दरवर्षी फॉर्म भरताना गुरुजी विचारायचे, वडील काय करतात? मी म्हणायची, धम्माचा प्रचार करतात. घरी असतात का? नाही. मग हयात आहेत का? आहेत. गुरुजी पेन तसंच धरून बसायचे. त्या फॉर्मात आमच्यासाठी रकानाच नव्हता.

मी सात वर्षांची होईपर्यंत मला बाबा होते, आणि खोटं कशाला बोलू, फार चांगले होते. हिंगणघाटला एका सरकारी कचेरीत कारकून. संध्याकाळी मला सायकलच्या दांडीवर बसवून वणा नदीकडे न्यायचे. वाटेतल्या प्रत्येक दुकानाची पाटी वाचल्याशिवाय सायकल पुढे हलायची नाही. 'केशकर्तनालय' हा शब्द मी त्या दांडीवर शिकले, आज मराठीची शिक्षिका आहे ती तेव्हापासूनच म्हणायची. आवाज तर असा, की विहारात ते वाचायला उभे राहिले की बाहेर ओट्यावर तंबाखू मळणारे हात थांबायचे. आजीनं, म्हणजे त्यांच्या आईनं, ऐन तरुणपणी दीक्षा घेतलेली. तिला लेकाचा भारी अभिमान. आईलाही होता. म्हणूनच तर ते दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिराला निघाले तेव्हा आईनंच पिशवी भरून दिली. आमच्याकडे अशी शिबिरं असतात. गडीमाणसं मुंडण करतात, दहा दिवस चीवर नेसून भिक्खूसारखी राहतात, अकराव्या दिवशी चीवर उतरवून घरी येतात आणि महिनाभर टोपी घालून हिंडतात. आमच्या वस्तीतून पाच जण गेले होते.

अकराव्या दिवशी आईनं पाटोडीची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, रस्साभाजी केली, त्यांची आवडती. चार जण आले. पाचवा नाही. त्यांच्यातले एक काका दारातच उभे राहून खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, ते तिकडंच राह्यले." राह्यले! मला वाटलं, गाडी चुकली असेल. मी दोन दिवस नाक्यावर जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी बाबांच्या कचेरीतला शिपाई कपाटाची किल्ली मागायला आला, तेव्हा कळलं की बाबांनी राजीनामा तर महिन्याभरापूर्वीच दिला होता. म्हणजे आई ज्या दिवशी त्यांच्या पिशवीत टॉवेल, साबण आणि दहा दिवस पुरेल एवढं दंतमंजन भरत होती, त्या दिवशी त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते दंतमंजन मला अजून विसरता येत नाही.

पुढे आई जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडायला जाऊ लागली. हंगाम संपला की लोकांच्या वावरात निंदणाला. लोक चांगले होते, पण लोकांनाही तिच्याशी कसं वागावं ते कळेना. धड सवाष्ण नाही, धड विधवा नाही. हळदीकुंकवाला बोलवावं की नाही यावर शेजारणींत कुजबुज चालायची. आणि वर, भन्तेजींची बाई म्हणून मान! तिच्यासमोर कुणी भांडायचं नाही, कुणी हसायचंही नाही. अशा मानानं माणूस एकटं पडतं, हे मी तिच्याकडे पाहून शिकले.

दीडेक वर्षानं ते वस्तीत प्रवचनाला आले. मी त्यांना पाहिलं आणि "बाबा!" म्हणून धावत सुटले. एका मोठ्या माणसानं मला मधेच धरलं. "बाबा नाई म्हणाचं. भन्ते म्हण." बाबांनी ते ऐकलं. मग बायांची रांग लागली, त्या रांगेत माझी आई. तिनं त्यांना गुडघे टेकून तीनदा वंदन केलं, आणि ते म्हणाले, "उपासिके, सुखी हो." उपासिके... त्या दिवशी भोजनदान आमच्या घरी होतं. आईनं ताट चौरंगावर ठेवलं आणि चार पावलं मागे सरून उभी राहिली. भिक्खूनं 'आणखी वाढा' म्हणायचं नसतं, पडेल ते खायचं. उपासक मंडळी भोवती हात जोडून बसलेली. पण बाबांना पाटोडी आणखी हवी असली की ते अंगठा ताटाच्या कडेवरून फिरवायचे, ही त्यांची जुनी सवय. तो अंगठा फिरला, आणि कुणी काही बोलायच्या आत आईनं वाढलं. दोनदा. एक उपासक म्हणाला, वा, बाईंना भन्तेजींच्या मनातलं कळतं. कळणारच! सात-आठ वर्षं संसार केला होता तिनं त्यांच्याबरोबर, काय मौजेखातर?

त्या दिवसापासून आईला एक सवय जडली. ती बाराच्या आत जेवेना. भन्ते फिरस्ते, कधीही दारात उभे राहतील, आणि आले तर बाराच्या आतच येतील, तेव्हा बारापर्यंत अन्न उष्टं होता कामा नये. जिनिंगमध्येही बाराचा भोंगा झाल्याशिवाय डबा उघडायची नाही. मी बरीच मोठी होईपर्यंत समजत होते की बायकांना बाराच्या आधी भूकच लागत नाही. त्या बेचाळीस वर्षांत ते किती वेळा आले असतील? एका हाताच्या बोटांवर मोजता येईल इतक्याच वेळा.

मला मान्य आहे, त्यांनी काम केलं. कारंज्याच्या बाजूच्या गावागावांतून पायी हिंडले. लोकांची दारू सोडवली. पोरींना शाळेत घालायला लावलं, बापांच्या दारात बसून राहून. दुसऱ्यांच्या पोरींना हो! माझ्या लग्नात आले, गाथा म्हटल्या, आशीर्वाद दिला आणि साडेअकराला जेवून गेले. वधूपिता म्हणून मामा उभा होता.

पाच वर्षांपूर्वी माझ्या एका सहकाऱ्याच्या भावानं प्रव्रज्या घेतली. त्या कार्यक्रमात एक पुस्तिका वाटली होती. भिक्खू होणाऱ्याला काही प्रश्न विचारतात, ते त्यात छापले होते. तू माणूस आहेस ना? राजाच्या चाकरीत नाहीस ना? आईवडिलांची परवानगी आहे ना? पात्र-चीवर आहे ना?... मी ती यादी खालीवर चारदा वाचली. राजाची चाकरी, म्हणून तो राजीनामा. आईची परवानगी, म्हणून शिबिराला निघायच्या आधी एका कागदावर घेतलेला आजीचा अंगठा. बायकोचं त्यात नावच नव्हतं. मी तशीच बस धरून कारंज्याला गेले. हायवेलगतचं ते लहानसं विहार, शेजारच्या ढाब्यावरून ट्रकांची घरघर. ते झाडाखाली बसले होते, गुडघ्यांनी पार थकलेले. मी वंदन केलं नाही. पुस्तिका पुढे ठेवली आणि विचारलं, आजीला विचारलंत, आईला का नाही? ते इतक्या वर्षांत प्रथमच घरच्या बोलीत बोलले, "तिले इचारलं असतं, तर माह्यानं जाणं झालं नसतं." एवढंच. त्यांचे डोळे भरले होते. माझा राग त्यामुळे कमी झाला असं मात्र म्हणणार नाही.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, आम्ही दोघी गेलो. मोठा फ्लेक्स लागला होता. तोच फोटो... पण कापलेला. एकटे बाबा, मागे निळं आभाळ चिकटवलेलं. घाईत कापणाऱ्याच्या हातून एक गोष्ट राहून गेली होती. बाबांच्या दंडाशेजारी कडेला आईचं कोपर आणि दोन बांगड्या तशाच राहिल्या होत्या. त्या कोपराची मालकीण बायांच्या सतरंजीवर बसली होती, आणि माइकवर एक वक्ते सांगत होते की भन्तेजींनी संसाराला लाथ मारली. टाळ्या! माझं डोकंच फिरलं. लाथ मारली म्हणता, ती बसली कुणाच्या पाठीत, हे कधी विचारलंत? हेच बोलायला मी उठले. आईनं पदर धरून खाली ओढलं. "बस. लोक रडून राह्यले." आणि खरंच रडत होते. पुढच्याच रांगेत एक म्हातारा तोंडात उपरणं कोंबून हुंदके देत होता. त्याची दारू बाबांनी सोडवली होती, हे त्याच्या बायकोनं आम्हाला मघाशीच सांगितलं होतं. मी बसले. तिथे बोलता आलं नाही, ते इथे लिहिते आहे. त्यागाची व्याख्यानं देणाऱ्यांनो, ज्याला काही टाकता आलं त्याचा त्याग तुम्ही मोजलात. जिला टाकलं, तिला निदान सतरंजीवरून उठवून खुर्ची तरी द्यायची!

घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी स्वयंपाक करता करता मी आईला विचारलंच. म्हटलं, आई, त्यांनी तेव्हा तुला विचारलं असतं, तर तू काय म्हणाली असतीस? तिनं कणीक मळणं थांबवलं नाही. "जा म्हटलं असतं," म्हणाली. "मले काय दिसत नवतं, त्याइचं मन कुठं हाय ते?" मग म्हणाली, "पण मले कोणी इचारलंच नाई वं."

त्यांनी झाडाखाली मला काय सांगितलं होतं, ते मी तिला सांगितलं नाही. ते समजत होते, ही जाऊ देणार नाही. ही तर जा म्हणणार होती. एका प्रश्नाचं अंतर होतं दोघांत, आणि तो प्रश्न विचारायचं धाडस त्या गावोगाव बोलत फिरणाऱ्या माणसाला झालं नाही.

आता दीड महिना झाला. सुटीच्या दिवशी अकराच्या सुमारास माझा स्वयंपाक आटोपतो. यायचं कुणी राहिलेलं नाही. मी ताट घेते आणि मुद्दाम विचारते, "आई, वाढू का तुला?"

ती घड्याळाकडे पाहते. "थांब थोडी," म्हणते. "बारा वाजू दे."