मिठागरावरचं इटालियन

आमच्या कॉम्प्लेक्सच्या गेटपासून रिक्षा स्टँडपर्यंत चालत पाच मिनिटं लागतात आणि तेवढ्यात तीन इटालियन हॉटेलं लागतात. पोस्टाची पेटी लागत नाही, दवाखाना लागत नाही. तिन्हींत मिळून इटली पाहिलेला माणूस एकही नाही. एकाचा मुख्य आचारी तळा गावचा आहे, आधी मुरुडला लॉजवर सुरमई तळायचा. तो हे कुणापासून लपवत नाही. लपवालपवी गिऱ्हाइकांची चालते. रविवारी लिफ्टमध्ये विचारतात, "काल कुठे?" आणि आपण "घरीच, पिठलं केलं होतं" म्हणालो, की समोरचा मजल्यांचे आकडे मोजायला लागतो.

खोटं कशाला बोलू, मीही शिकलो. काट्याला शेवया गुंडाळायच्या. त्या कच्चट लागल्या तर तशाच असतात म्हणायचं. माझ्या आईने कधी असा कच्चा भात उतरवला असता तर आजीने पातेल्यासकट तिला अंगणात उभं केलं असतं. पाव तेलात बुडवून खायचा आणि डोळे मिटायचे. डोळे मिटणं महत्त्वाचं. त्याशिवाय कळलं असं धरत नाहीत.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालो, कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो, स्वतःच्या पगारावर तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. याचा मला अभिमान आहे. जिथे हा फ्लॅट उभा आहे तिथे आधी मिठागर होतं. माझ्या बापाने तिथे उभी हयात मीठ ओढलं. मग मुरुमाचे डंपर आले, मिठागर बुजलं आणि त्यावर आम्ही उगवलो.

बापाला मी आबा म्हणतो. आमच्यात बापाला अहो-जाहो करत नाहीत. आई गेल्यापासून आबा खाडीच्या बांधापलीकडे, गावातल्या घरात एकटा राहतो. या पावसाळ्यात तो बांधावर घसरून पडला. हाड मोडलं नाही, पण शेजारचा खेकडे धरायला गेला तेव्हाच दिसला, तोवर चिखलात पडून होता. तेव्हापासून मी आणि बायको त्याच्या मागे लागलो, आमच्याकडे राहायला ये. तो नाही म्हणत नव्हता आणि हो पण म्हणत नव्हता. शेवटी म्हणाला, "एकदा मना तिथं जेवायला ने. तुमी लोकं कशी जेवता ते बघतो. मग सांगतो."

बायको म्हणाली, "घरी कोलंबीचं कालवण करते. त्यांना तेच आवडेल."

मी म्हटलं, इटालियनला नेऊ. ही चूक माझी. आबाला पोरगा कुठे पोचलाय ते दाखवायचं होतं, दुसरं काही नाही.

रविवारी दुपारी गेलो. आबा पांढरा सदरा आणि टोपी घालून आला. खिशात मिठाची पुडी होती. मिठागर बंद झालं त्या वर्षीचं शेवटचं मीठ त्याने चिनी मातीच्या बरणीत भरून ठेवलंय आणि बाहेर जेवायला निघाला की त्यातलं चिमूटभर बांधून घेतो. लग्नाच्या पंगतीतही घेतो.

खुर्चीवर बसताच त्याने वर बघितलं. छताला उलट्या टांगलेल्या बाटल्या होत्या.

"रिकाम्या हायत?"

"शोभेला आहेत."

"मोडीवाला येत नाय वाटतं इकडं."

आधी पाव आणि तेल आलं. आबाने पाव खाल्ला, तेल माझ्याकडे सरकवलं. "याचा दिवा लाव." मग रिसोटो आला. मी समजावून सांगायला लागलो, की हा भात हळूहळू ढवळत, त्यात रस्सा मुरवत... आबाने एक घास घेतला आणि मला थांबवलं.

"पेज हाय ही."

"पेज नाही रे. चीज असतं त्यात."

"म्हंजे नासलेली पेज."

बायको रुमालात हसत होती. वेटर आला, हातात लाकडी दळणी. थेट इंपोर्टेड समुद्री मीठ आहे, ताटावर दळून देऊ का, असं त्याने विचारलं आणि ती आबाच्या हातात द्यायला लागला. आबाने दोन्ही हात मागे घेतले.

"खाली ठेव, बाला. मीठ हातात देऊ नये. भांडन होतं."

वेटरने ती टेबलावर ठेवली. आबाने दोन दाणे तळहातावर दळून जिभेला लावले, थोडं थांबला आणि म्हणाला, "मागनं कडू लागतं. शेवटचं पानी काढून टाकायला आळस केला." ते कडू म्हणजे मॅग्नेशियम, हे मला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला कळलं. आबा चौथी नापास आहे.

मग त्याने पुडी सोडली आणि आमच्या तिघांच्या ताटांत आपलं मीठ टाकलं. रिसोटोला एकदम वाचा फुटली. हे मला कबूल करावं लागतं.

बाजूच्या टेबलावर आमच्या सोसायटीचे चेअरमन सहकुटुंब बसले होते. हे गृहस्थ मीटिंगमध्ये कबुतरांवर पाऊण तास बोलू शकतात. ते मघापासून मान वाकडी करून बघत होते.

"काका, एक्सक्यूज मी, हे कुठलं सॉल्ट आहे? थोडं ट्राय करू?"

आबाने पुडी त्यांच्या टेबलावर ठेवली. चेअरमननी चिमूटभर पास्त्यावर घातलं, खाल्लं, डोळे मिटले.

"वॉव. मस्त मिनरल टेस्ट आहे. ऑनलाइन मिळतं का?"

"तुमच्या पार्किंगात मिळायचं," आबा म्हणाला. "आता वर गाड्या हायत."

चेअरमन हसले. त्यांना वाटलं म्हातारा विनोद करतोय. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही पण आपल्याच कॉम्प्लेक्समधले ना? कुठली विंग?"

मी त्यांच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये चार वर्षं राहतोय. त्यांच्या बाथरूमचं पाणी माझ्या छतातून गळतं, त्याचे तीन अर्ज मी स्वतः त्यांच्या हातात दिलेत.

"बी विंग. तिसरा मजला," मी म्हटलं.

"अरे, मग आमच्या खालीच की," ते म्हणाले आणि पास्त्याकडे वळले.

आबाने मान वर केली नाही. ताटातली पेज मात्र शेवटच्या शितापर्यंत संपवली. आमच्यात अन्न टाकत नाहीत, मग ते कसंही असो.

गावी सोडायला निघालो. बांधावर गाडी हळू घ्यावी लागते. तिथे तो बोलला.

"मी पडलो तर इथं मानसाला दिसलो. तिथं पडलो तर कोन बघंल?"

"आम्ही आहोत ना."

"तुमी दिवसभर कामाला. आनि तुझ्या डोक्यावर राहनाऱ्याला तू म्हाईत नाय."

 मला राग आला, आबाचा नाही. स्वतःचाही थोडा आला, कारण चेअरमनच्या बायकोचं नाव मलाही माहीत नव्हतं.

घराशी उतरताना आबाने अट घातली. "त्याला मीठ आवडलं. वाटीभर नेऊन दे. वाटी कशी परत येते ते मना सांग. मग येतो का नाय ते बोलतो."

ज्याला हे माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. आमच्याकडे शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करत नाहीत. काहीच नसेल तर साखरेचे चार दाणे घालतात. रिकामी वाटी म्हणजे शेजार संपला.

मी आबाच्या मिठाची वाटी घेऊन चार वर्षांत पहिल्यांदा चौथ्या मजल्यावर गेलो. चेअरमनच्या बायकोने दार उघडलं. मी वाटी चपलांच्या कपाटावर ठेवली आणि हातात का देत नाही तेही सांगितलं. ती म्हणाली, "हो का? आमची आजी पण असंच करायची, वसईला." एवढंच बोलणं झालं.

मग वाटी येईना. आठ दिवस, दहा दिवस. आबा फोनवर तब्येतीचं विचारूच देईना. "वाटी?" एवढंच. बायको म्हणाली, "आपणच एका वाटीत काहीतरी घालू आणि परत आली म्हणून सांगू." मी म्हटलं, जो माणूस मिठातला आळस ओळखतो, तो माझ्या आवाजातलं खोटं ओळखणार नाही का?

बाराव्या दिवशी वॉचमन वाटी घेऊन आला. घासून लखलखीत केलेली. आत त्या हॉटेलातल्या चार पुड्या, दोन ओरेगानोच्या, दोन तिखटाच्या. फुकट मिळतात त्या.

मी तशीच वाटी घेऊन गावी गेलो. आबाने एक पुडी फोडून वास घेतला.

"पाला हाय?"

"पालाच."

"त्यांनी हातानं केलेला?"

"नाही. हॉटेलातून उचललेला."

त्याने पुडी दुमडून परत वाटीत ठेवली. मग म्हणाला, "दळभद्री हायत. पन रिकामी नाय धाडली. येतो मी."

उठून त्याने फडताळातून बरणी काढली. मी हात पुढे केला. त्याने बरणी माझ्या हातात दिली नाही. बाहेर आला, गाडीच्या सीटवर नीट टेकवून ठेवली, आणि म्हणाला, "आता घे."