भावाच्या हिरड्या

खडेमिठाची बरणी उघडली की भाऊ आठवतो. धरमतरच्या मिठागरावर राबायचा, दारू प्यायचा आणि दिवसभर मिठाचे खडे चघळायचा. पिणारे मीठ चाटतातच, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. चक्कर येऊन पडला तेव्हा आई म्हणाली, "उतरली नाय काय रं अजून?" "दारू नाय गो आये, मिठाबिगर उभंच रवत नाय." शेवटी रोह्याच्या डॉक्टरीणबाईंनी काळ्या पडलेल्या हिरड्या पाहून त्याचं रक्त तपासायला पाठवलं. मी तीन दिवस ओटीवर येरझारा घालत फोनची वाट पाहिली. फोन आला तो भाऊ गेल्यावर. अंगात मीठ टिकवणारं हार्मोन त्याला जन्मापासूनच कमी होतं, हिरड्या काळवंडल्या त्याही त्याच आजाराने. भावंडांनीही तपासून घ्यावं, असं बाई म्हणाल्या. मलाही अधूनमधून चक्कर यायची; तपासलं तर तोच आजार निघाला. आता रोजची गोळी घेताना वाटतं, मी पीत नव्हतो, एवढ्यावरच माझी चक्कर सगळ्यांना खरी वाटली.