माझ्या सासूबाईंवरचा आळ

महाडात आमच्या जुन्या आळीत आणि पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीत अजून एक गोष्ट सांगतात. एका मास्तराच्या बायकोला समाधी लागली होती, तिच्या अडाणी आईने गळा काढून ती मोडली, आणि त्या धक्क्याने ती बाई गेली. तो मास्तर मी. समाधी लागलेलीच नव्हती, आणि हे मला तेव्हाही ठाऊक होतं. सासूबाईंनी हा आळ पुढे पुष्कळ वर्षं सोसला आणि त्याच्यासकट त्या गेल्या. आता माझी नजर अधू झाली आहे, आणि खरं काय झालं ते माहीत असलेला दुसरा कोणी उरलेला नाही.

मी मूळचा त्या वाडीच्याच बाजूचा. शिकलो, मास्तर झालो, महाडात बिऱ्हाड केलं. बायको वाडीतली. तिचं 'नाय' आणि 'हाय' मी वर्षभरात पुसून काढलं. ओटीवर कचेरीतले लोक येऊन बसत, त्यांच्यासमोर तिने आतून 'नाय' म्हटलं तर माझे कान तापत.

मी फार रागीट होतो. ती गरोदर असताना एकदा आमटीत मीठ जास्त झालं म्हणून मी भरलं ताट अंगणात भिरकावलं. वाकता येत नव्हतं तरी खाली बसून तिने भाताची शितं वेचली आणि शेजारच्या कोंबड्यांना घातली. ते बघून मला स्वतःची इतकी शिसारी आली की दुसऱ्याच दिवशी मी नदीपलीकडे साव गावी गेलो.

सावला गरम पाण्याची कुंडं आहेत. तिथे सांधे धरले म्हणून एक वृद्ध गृहस्थ येऊन राहिले होते. आयुष्यभर साधना केलेले. होडीने सावित्री ओलांडून लोक त्यांच्याकडे जात. त्यांनी मला बसायला शिकवलं. श्वास आत येताना 'सो', बाहेर जाताना 'हं'. मनात काही उठलं की त्याच्याशी भांडायचं नाही, त्याच्यामागे धावायचंही नाही, नुसतं बघायचं. राग आला आहे, हे कोणाला कळतं? ज्याला राग दिसतो तो राग कसा असेल? बघणारा वेगळा आणि दिसणारं वेगळं. तो बघणारा कोण, एवढंच धरून बस, म्हणाले.

मी बसलो. रोज पहाटे, नागा न करता. आणि खरं सांगायचं तर गुण आला. छातीत सतत तापलेला तवा असायचा तो निवला. बायको मला ताट वाढताना अंग चोरायची, ते थांबलं. मुलगी झाली. त्या वर्षाइतका मी सुखी आधी नव्हतो, नंतरही झालो नाही.

पण मला त्या शांतपणाचा गर्व चढला. सावच्या गुरूंची गाय मेली तेव्हा ते भिंतीला टेकून लहान पोरासारखे रडले. मी समोर होतो. मला वाटलं, म्हातारा कच्चा राहिला. आपण यांच्या पुढे गेलो.

गणपती झाल्यावर तापाची साथ आली आणि त्यात आमची मुलगी गेली. नुकती भिंत धरून उभी राहायला लागली होती. अजून अंगावर पीत होती. नदीच्या काठाला तिला पुरून आलो तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. बरोबरचे लोक माझ्याकडे बघत होते. परतताना एकजण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "मास्तर पोचलेला माणूस आहे." त्याही वेळी मला ते ऐकून बरं वाटलं.

आमच्याकडे मूल गेलं की बायका समाचाराला येतात. दारातूनच हेल काढतात, आईच्या गळ्यात पडतात, आणि सगळ्या मिळून रडतात. मला तो प्रकार गावंढळ वाटे. दुसऱ्या दिवशी आळीतल्या बायका आल्या तेव्हा मी उंबऱ्यात उभा राहिलो. म्हटलं, "आमच्याकडे रडायचं नाही. आत जायचं तर शांत बसा, नामस्मरण करा."

पलीकडच्या घरातली म्हातारी सगळ्यांत पुढे होती. तिने मला वर-खाली बघितलं. "मग आम्ही आलो कशाला, मास्तर? ताक प्यायला?"

"तिचं मन अस्थिर होतं त्याने."

"मन स्थिर करायला पोर गेलंय का तिचं?" म्हातारी म्हणाली आणि पदर सावरून माघारी वळली. बाकीच्याही गेल्या.

मी जे परतवून लावलं ते नुसतं रडणं होतं असं मला वाटत होतं. पुरुषाला कळत नाही आणि कोणी सांगतही नाही, पण त्या रडण्याच्या आडून बायका एक काम करत असतात. पितं मूल गेलेल्या आईला त्या आत नेतात, छातीतलं दूध पिळून काढतात, दूध सुकावं म्हणून मोगऱ्याची फुलं बांधतात, पुढचे कितीतरी दिवस आळीपाळीने येऊन बघतात. म्हातारीच्या ओच्यात त्या दिवशी फुलं होती. मला ती देवाला आणल्यासारखी वाटली.

बायको आत भिंतीला टेकून बसली होती. मी जवळ बसून तिला शिकवायला लागलो. तिला हुंदका आला की म्हणायचो, "थांब. नुसतं बघ. रडू येतंय ते कुणाला?"

"मला."

"तू म्हणजे कोण? रडू तुला दिसतंय ना? मग तू त्याच्याहून वेगळी आहेस."

"छाती दुखते हो."

"छाती शरीराची. दुखणं शरीराचं. तू बघणारी."

तिने माझ्याकडे बघितलं. मी सांगेन ते खरं, असं मानणारी बाई होती ती. भाषा बदलली तशी तिने हेही बदललं. एक-दोन दिवसांत तिचं रडू थांबलं, मग बोलणं थांबलं. माजघरात तुळईखाली मांडी घालून बसायची, डोळे अर्धे उघडे, समोर ठेवलेलं अन्न तसंच. चेहरा लालसर, डोळे चकाकते. पाणी मागायला आलेली शेजारची सून ते बघून दारातच थबकली आणि हात जोडून गेली.

दुसऱ्या दिवसापासून बायका नारळ घेऊन यायला लागल्या. आता कोणी हेल काढत नव्हतं. येत, पायाला हात लावत, गुपचूप बसून जात. तिची चोळी सारखी ओली होत होती. ते दूध बघून एकीने डोळ्यांना पदर लावला, म्हणाली, जगदंबेला जगासाठी पान्हा फुटलाय. ती गोष्ट बाजारपेठेत जायला वेळ लागला नाही. कचेरीतल्या कारकुनांच्या बायका आल्या. ज्या घरांत मी शिकवणीला मागच्या दाराने जायचो त्या घरांतल्या बायका माझ्या ओटीवर खाली बसल्या. पुरुष मला विचारत, मास्तर, ही कोणती अवस्था? आणि मी सांगत होतो. वृत्ती मावळल्या की केवळ जाणीव उरते, वगैरे. मी चांगलं बोलत होतो. लोक तल्लीन होऊन ऐकत.

तिच्या ओठाला पाण्याचं भांडं लावताना माझा हात तिच्या मानेला लागला. चटका बसावा इतकं अंग तापलं होतं. मी स्वतःला म्हटलं, हे तेज आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा हात लागला, तेव्हा चोळीतून वासही आला, आंबूस, पिकल्या जखमेसारखा. त्या क्षणी मला कळलं. इथपर्यंत मी मूर्ख होतो असं म्हणता येईल. इथून पुढे तसं म्हणता येत नाही. ओटीवर माणसं बसली होती. मी बाहेर आलो आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं केलं.

संध्याकाळी माझा धीर सुटला. होडी पकडून सावला गेलो. गुरू कुंडातून बाहेर येऊन पाय पुसत बसले होते. मी सगळं सांगितलं, पण समाधीच्याच भाषेत. ते मधेच म्हणाले, "रडली का ती?"

"पहिल्या दिवशी थोडी. मग मी सावरलं."

"अंगाला हात लावून बघितलंस?"

मी कुंडातल्या वाफेकडे बघायला लागलो.

"बोल की रे."

"तापलंय. दुखतं म्हणत होती. मी म्हटलं, बघ."

त्यांच्या हातातला पंचा खाली पडला. मला वाटलं मारतील. "गाईसाठी मी रडलो तेव्हा तुझ्या तोंडावर काय होतं ते दिसलं मला," ते म्हणाले. "तेव्हाच बोलायला हवं होतं. अरे, रडत होतो आणि रडणं बघतही होतो. बघायचं म्हणजे दिवा जवळ न्यायचा. तू विझवून बसलायस, आणि तिलाही अंधारात बसवलंस. जा. तिच्या आईला घेऊन ये. आणि डॉक्टरला आज बोलाव."

आईला आणायला मी पहाटे बैलगाडी करून निघालो. डॉक्टरला बोलावलं नाही. पुरुष डॉक्टर आत जाणार, तिची छाती बघणार, आणि ओटीवरच्या लोकांना कळणार की हे दुखणं आहे. आई आली म्हणजे ती काय ते बघेल, असा मी विचार केला. त्या एका दिवसाचा हिशेब मला कुठेच लावता येत नाही.

सासूबाई खळ्यावर भात झोडत होत्या. नात गेल्याचं त्यांना कळलं होतं, पण कोणी येऊ नये असा निरोप मीच धाडला होता. मला बघून त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली.

"काय जावयबापू, आता रडायची परवानगी मिळली का आमाला?"

मी म्हटलं, तिला बरं नाही, चला.

गाडीत पोलादपूर मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "दूद उतरवलं का कुनी तिचं?"

मला प्रश्नच कळला नाही. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना उत्तर मिळालं. त्यांनी गाडीवानाला सांगितलं, "बैल हान रं बाबा."

घरी माजघर बायकांनी भरलेलं होतं. उदबत्त्या लावलेल्या. सासूबाई दारात उभ्या राहिल्या. "उठा गो सगळ्या. माझी लेक हाय ती. देव नाय." एकजण म्हणाली, अहो, समाधी आहे, शिवू नका. सासूबाईंनी तिच्या हाताला धरून तिला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. मग आतून हेल ऐकू आला. असा आवाज मी लहानपणी वाडीत ऐकला होता आणि विसरलो होतो. नातीला हाक मारत होत्या, लेकीला हाक मारत होत्या, देवाला शिव्या देत होत्या. ओटीवरचे लोक अस्वस्थ झाले. कोणी म्हणालं, अडवा हो मास्तर, समाधी मोडेल.

तेवढ्यात आतून दुसरा आवाज आला. बारीक, घोगरा.

"आये. दुखतंय गो."

मी ओटीच्या खांबाला धरून उभा होतो. तो आवाज ऐकून मला फार आनंद झाला. वाटलं, आली परत. तसाच धावत डॉक्टरकडे गेलो. दवाखान्यातला तो तरुण मनुष्य आला, त्याने पू काढला, आणि बाहेर येऊन हात धुताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "रक्तात गेलंय. इतके दिवस काय करत होता तुम्ही?"

ती रात्र आणि पुढची दुपार ती जागी होती. आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, थकली, पुन्हा रडली. मुलीचं सगळं सांगत होती, ती कशी हसायची, कुठला दात आला होता. मी उशाशी गेलो तेव्हा तिने मला ओळखलं. तिच्या तोंडून वाडीची बोली आली.

"मी लय बघितलं," ती म्हणाली. "तुमी सांगितलं तसं. बघून कमी होत नाय वो."

दिवे लागायच्या आत ती गेली.

लोक जमले. तिला नेऊन आलो तरी ओटीवरून हलत नव्हते. कुजबुज आता कुजबुज राहिली नव्हती. कचेरीतले एक वयस्क गृहस्थ उघडच म्हणाले की समाधीतल्या देहाला हाक मारून परत ओढलं की प्राण ठरत नाही, शास्त्रात आहे. दुसऱ्याने मान डोलावली. "आईच वैरी झाली," बायकांतून कोणी म्हणालं. सासूबाई माजघराच्या दारात बसल्या होत्या. त्यांच्या हाताला अजून औषधाचा वास होता. त्यांनी सगळ्यांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"जावयबापू," त्या म्हणाल्या, "तुमी सांगा ह्यांना. तुमाला ठावं हाय."

सगळे माझ्याकडे वळले. एक वाक्य पुरेसं होतं. तिला ताप होता, मला माहीत होता. माझ्या डोळ्यांसमोर आत्तापर्यंत ओटीवर ऐकवलेली माझीच वाक्यं आली, ती ऐकणारे चेहरे आले. मी पाठ ताठ केली, मांडी घातली आणि डोळे मिटून घेतले.

कोणीतरी म्हणालं, श्श, मास्तर बसले. सगळ्यांना वाटलं, माझं ध्यान लागलं. मी काही ध्यानाला बसलो नव्हतो. 'सो' नव्हतं, 'हं' नव्हतं. मी फक्त ऐकत होतो. सासूबाई बराच वेळ तिथेच होत्या, वाट बघत. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मग बांगड्या वाजल्या, त्या उठल्या, माझ्या अगदी जवळून पायरी उतरून अंगणात गेल्या, आणि त्यांच्यासाठी कोणी बाजूला झालं नाही म्हणून त्यांना म्हणावं लागलं, "जाऊं द्या वो मला."