न आलेल्यांची डॉक्टर

परुळेकर डॉक्टरबाई गेल्या, हे मला ऑफिसात चाळीच्या ग्रुपवर कळलं. पहिला विचार त्यांचा नाही, आईचा आला... आता तिचा पाय कोण बघणार? गेले काही आठवडे हा प्रश्न डोक्यातून जात नाही. शोकसभेत सगळे 'देवमाणूस, देवमाणूस' करत होते, तेव्हा तर उठून निघून जावंसं वाटलं. बाई अजिबात देवमाणूस नव्हत्या. चांगल्या खेकसायच्या.

लालबागला आमच्या चाळीखालीच त्यांचा दवाखाना. खोकला घेऊन गेलं की छाती तपासता तपासता विचारायच्या, घरी कोण आजारी आहे? कोणी नाही म्हटलं तरी सोडायच्या नाहीत. आई जेवते का, चालते कशी, इतक्यात दिसली कशी नाही... त्यांचं म्हणणं, जो दवाखान्यात येतो त्याची काळजी निम्मी मिटलेली असते. खरा आजारी घरात भांडी घासत असतो. परळची मोठमोठी हॉस्पिटलं आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, पण चाळीतल्या बायका तिथे पोचायच्या त्या थेट स्ट्रेचरवरून. पाणी भरायचं, डबे करायचे, त्यात रांगेत सकाळ घालवायची कोणी?

आईची शुगर अशीच सापडली. माझ्या तापाच्या निमित्ताने बाईंनी तिची चौकशी केली आणि संध्याकाळी दवाखाना आटोपून, गुडघे धरत तिसऱ्या मजल्यावर आल्या. "माका काय झाला नाय, तुमी कित्याक इलात?" आई पाय झाकत म्हणाली. बाई सरळ फरशीवर बसल्या. "काही झालं नाही ना? मग दाखव." टाचेला जखम होती, दुखत नव्हती म्हणून आईने कोणाला सांगितलीच नव्हती. शुगरने पाय बधिर होतो, न दुखणं हेच वाईट, असं बाई जिन्यात मलाच ओरडून सांगत होत्या. पाय वाचला. पुढे त्या अधूनमधून वर येतच राहिल्या.

आता दवाखान्याला कुलूप आहे. नव्या टॉवरमधल्या क्लिनिकात मी जाऊन आले. तिथला तरुण डॉक्टर सज्जन आहे, म्हणाला, आईंना घेऊन या. त्याचं काही चुकलं नाही. पण आई खाली उतरत नाही आणि तो वर येणार नाही. मला रात्री झोप लागत नाही.

काल घरी आले तर आई पंख्याखाली बसलेली, पायात मोजे. एवढ्या उकाड्यात. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "थंडी वाजता." मी पर्स टाकली आणि तिच्यासमोर खाली बसले. मोजा घोट्यावरून सहज उतरला, आणि टाचेशी चिकटला.