कोपीच्या दारातल्या चपला

सावेडीतल्या दवाखान्यात शिरताना मी सवयीने चपला काढल्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, असू द्या पायात." आत स्पिरिटचा वास होता, आणि मी शेवगावकडच्या त्या जुन्या उन्हात जाऊन पोचलो.

ऊसतोडीच्या बायकांची बाळंतपणं त्यांच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, जाऊन करणाऱ्या पहिल्या डॉक्टरीणबाईंवर मी सिनेमा करत होतो. आता म्हाताऱ्या झालेल्या त्या बाई स्वतः शूटिंग बघायला आल्या होत्या. त्यांचं काम करणाऱ्या नटीने कोपीबाहेर चपला काढल्या आणि पैसे घालणाऱ्या स्टुडिओच्या माणसाने शॉट थांबवला.

"हे काय देऊळ आहे? डॉक्टर वाटली पाहिजे. बूट घाला हिला."

गाणं त्याने आधीच घुसवलं होतं. भांडायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. मी बूट आणायला सांगितले. बूट येईपर्यंत सगळे सावलीला पांगले.

तेवढ्यात कोपीची मालकीण आतून म्हणाली, "बाई, च्या टाकलाय, या की."

बाई उठल्या. दारात चपला काढल्या, वाकून आत गेल्या आणि चुलीपाशी बसल्या.

तेव्हा मला वाटलं, बाई बुटांवरून रागावल्या. आता वाटतं, त्यांना नुसता चहा हवा होता. माझा शॉट मात्र तोच होता, आणि कॅमेरा बंद होता.